घड्याळजीच्या बायकोचं इंग्रजी

बंदरावरच्या मनोऱ्यात वायरलेस सांभाळणाऱ्या बाईंना सगळे भोंगाताई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्या ‘ओ’ देत. बंदराचा खरा भोंगा कधीचाच बंद पडला होता. दुरुस्तीसाठी वर लिहिलं तेव्हा वरून विचारणा झाली की, भोंग्यावाचून काम अडलं आहे काय? अधीक्षकसाहेब सरळ माणूस. त्यांनी कळवून टाकलं की अडलेलं नाही, ताई आहेत. तेव्हापासून भोंग्यावर कावळे बसू लागले आणि ताईंचं बारसं झालं.

मनोऱ्याच्या वरच्या खोलीला तिन्ही बाजूंनी काचा होत्या, आणि काचांवर खाऱ्या वाऱ्याचा पांढुरका थर. आत एक टेबल, फिरायचं विसरलेली एक फिरती खुर्ची आणि टेबलावर वायरलेसचा संच. कोणत्या बोटीनं कुठल्या धक्क्याला लागायचं, कोणी आधी यायचं, कोणी बाहेर ताटकळायचं, हे ताई त्या खुर्चीतून ठरवत आणि मग सांगत. ‘सांगत’ हा शब्द सौम्य झाला. होडीवाल्यांचं म्हणणं असं की, संच आम्ही नुसता मान राखायला चालू ठेवतो. ताई खिडकीतूनच ऐकू येतात. कोणाची बायको माहेरी गेली आहे, कोणाचं इंजिन खोकतंय, कोणाला डॉक्टरांनी तंबाखू बंद करायला सांगितली आहे, हे सगळं त्यांना ठाऊक असे आणि त्यामुळे ते समुद्रावर सगळ्यांनाच ठाऊक असे. एका बार्जवाल्याला तर त्यांनी अर्ध्या वाटेवरून परत बोलावून, धक्क्यावर विसरलेला जेवणाचा डबा न्यायला लावला होता. तो मुकाट्यानं आला, डबा घेतला आणि गेला. भोंग्याशी कोण वाद घालणार?

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना बंदराचा गाळ उपसला गेला, नवा लांबलचक धक्का बांधला गेला आणि परदेशी जहाजं यायला लागली. त्यांच्यामागोमाग हुकूम आला की, यापुढे मनोऱ्यात बसणाऱ्याला वायरलेसवर इंग्रजी बोलता आलंच पाहिजे. बाहेरून परीक्षक येतील, तोंडी चाचणी घेतील. जो कसोटीला उतरेल तो खुर्चीत बसेल. जो उतरणार नाही त्याची बदली दोरखंडाच्या कोठारात.

ताई जेवणाच्या सुट्टीत ते कोठार बघून आल्या. तिथे दोरखंड होते, साखळ्या होत्या, डांबराचा वास होता आणि एक मांजर होतं. बोलायला म्हणून ते मांजर ठीक होतं, पण ते बहिरं होतं. ताई वर आल्या त्या अगदी गप्प. त्या दिवशी दुपारी होडीवाल्यांनी आपापले संच ठोकून पाहिले.

इंग्रजी त्यांना येत नव्हतं असं नाही. शाळेत शिकल्या होत्या, वाचलेलं कळत होतं, ऐकलेलंही बरंचसं कळत होतं. बोलायची वेळ मात्र कधी आली नव्हती. ती आली तेव्हा त्या नेहमीच्याच पट्टीत आणि नेहमीच्याच वेगानं बोलल्या. ‘गुड मॉर्निंग, जरा थांबा’ एवढाच मजकूर होता. जहाजावरच्या लोकांनी भराभर जीवरक्षक जाकिटं चढवली आणि कप्तानानं विचारलं की आग नेमकी कुठे लागली आहे.

अधीक्षकसाहेबांनी त्यांना खाली बोलावलं. “ताई, शब्द बरोबर आहेत हो तुमचे. पण उच्चार कुठला तरी एक धरा.”

“कुठला धरू?”

“कुठलाही धरा. पण एक धरा.”

साहेबांना पुढची मीटिंग होती. एवढा मोठा प्रश्न ते असा सहज टेबलावर ठेवून निघून गेले, आणि ताई तो घरी घेऊन आल्या.

घरात या प्रश्नाला उत्तरांची वाण नव्हती. सासरे निवृत्त हेडमास्तर. सारी हयात त्यांनी इंग्रजी शिकवलं, तेही अस्सल ब्रिटिश वळणाचं. ब्रिटिश माणूस मात्र एकही पाहिला नव्हता. पाहण्याची गरजही त्यांना वाटली नव्हती. अलीकडे त्यांना ऐकायला कमी येई, पण त्यामुळे त्यांच्या मतांना बाहेरून होणारा उपद्रवच तेवढा कमी झाला होता. दीर अमेरिकेत काही काळ एका शीतगृहात खोकी हलवून परत आले होते. येताना एक जाडजूड जाकीट आणि तिथला उच्चार घेऊन आले. जाकीट इथल्या हवेत वापरता येईना, म्हणून ते उच्चारच दुप्पट वापरत.

“सूनबाई,” हेडमास्तर म्हणाले, “ब्रिटिश उच्चार हाच उच्चार. बाकीच्या सवयी. ओठ हलवायचे नाहीत. घरी पाहुणे आलेत आणि आपल्याला त्यांचा राग आलाय, पण दाखवायचा नाही, असा चेहरा करायचा आणि बोलायचं.”

“वहिनी, ऐकू नका त्यांचं,” दीर म्हणाले. “हल्ली ब्रिटिश कोण बोलतं? जीभ अशी मागे न्यायची, तोंडात गरम बटाटा आहे असं समजायचं आणि सोडून द्यायचं. ऐसपैस.”

“काय म्हणतोय तो?” हेडमास्तरांनी विचारलं.

“तोंडात बटाटा धरायला सांगताहेत, बाबा,” ताई ओरडल्या.

“शिकला ते शिकला, वर चघळतोही आहे,” हेडमास्तर म्हणाले.

ताईंची मुलगी कॉलेजात होती. तिचं मत असं की आता अ‍ॅक्सेंट कोणी ठेवतच नाही, न्यूट्रल बोलायचं असतं. न्यूट्रल म्हणजे कसं, असं विचारल्यावर तिनं एक वाक्य बोलून दाखवलं. आजोबांना ते अमेरिकन वाटलं आणि काकांना ब्रिटिश. तिच्या मते हाच त्याचा पुरावा होता.

ताईंनी कोणालाच दुखवलं नाही. सकाळी भाजी चिरताना त्या सासऱ्यांपुढे ओठ न हलवता बोलत, आणि संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालताना दिरांपुढे बटाटा धरत. याचा व्हायचा तोच परिणाम झाला. वाक्य एका खंडात सुरू होई आणि दुसऱ्या खंडात संपे. मधल्या महासागरात तीनचार शब्द बुडून जात. शिवाय घाई झाली की दोन्ही उच्चार एकदम पळून जात आणि उरे तो भोंगा. सासरे म्हणत, दीर बिघडवतो आहे. दीर म्हणत, बाबा सुधारू देत नाहीत. जेवताना त्यावरून इतकी खडाजंगी होऊ लागली की एरवी ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे ते ताईंचे यजमानही एकदा बोलले. ते म्हणाले, “मीठ.”

यजमान घड्याळजी होते. बाजारपेठेतल्या वळणावर त्यांचं छोटंसं दुकान होतं. दिवसभर डोळ्याला भिंग लावून ते लोकांची मागे पडलेली घड्याळं पुढे आणत. मागे पडणारी वस्तू त्यांना सहन होत नसे. भाषणात अडखळणारा माणूस दिसला तरी त्यांचा हात नकळत खिशातल्या बारीक पेचकसाकडे जाई. घरी आल्यावर मात्र ते भिंग काढत आणि त्याबरोबर जगही थोडंसं बाजूला ठेवत.

अखेर अधीक्षकसाहेबांना कपाटाच्या तळाशी कॅसेटींचा एक जुना संच सापडला. त्यात कुणी एक कप्तान वायरलेसवरची नेहमीची वाक्यं एकेक करून बोलत होता: थांबा, पुढे या, नांगर टाका, उजवीकडे राहा. ताईंनी तो घरी आणला आणि स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या टेपरेकॉर्डरमध्ये घातला.

आवाज आला आणि ताईंच्या हातातला झारा तसाच राहिला.

असा आवाज त्यांनी आजवर ऐकला नव्हता. खोल, भारदस्त, खर्जातला. प्रत्येक शब्द जणू दोराला बांधून सावकाश धक्क्यावर उतरवलेला, आणि तो नीट टेकल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही. दोन शब्दांच्या मध्ये एवढी जागा की त्यात माणसानं श्वास घ्यावा, विचार करावा आणि हवं तर मत बदलावं. हा माणूस कधी कोणावर ओरडला नसेल. त्याला ओरडायची गरजच पडली नसेल. वादळालासुद्धा त्यानं बसायला सांगितलं असेल.

“हा कोण?” आतल्या खोलीतून हेडमास्तर आले. “हा स्पष्ट बोलतो. मला सगळं ऐकू आलं. ब्रिटिश असणार.”

“छे, वेस्ट कोस्ट,” दीर म्हणाले. “माझा सुपरवायझर असाच बोलायचा. निवांत.”

या घराच्या इतिहासात पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं, म्हणजे प्रत्येकाचं स्वतःशी. पण दोघेही ‘हाच धरा’ म्हणाले, आणि ताईंना तेवढं पुरे होतं. त्या दिवसापासून त्यांनी बटाटा टाकून दिला आणि ओठ मोकळे केले. कॅसेट लावायची, कप्तान बोलला की त्याच्यामागून बोलायचं, तसंच, तितकंच खोल, तितकंच सावकाश. आधी गळा दुखला, मग छातीतून आवाज यायला लागला, आणि एक दिवस मुलगी दारातून ओरडली, “आई, कोण आलंय ग घरी?” ताई एकट्याच होत्या. कणगीतून आल्यासारख्या आवाजात त्या म्हणाल्या, “कम... इन.”

गंमत अशी की तो आवाज घातल्याबरोबर घाई आपोआप उतरायची. भोंगा कुठे जाई कोण जाणे. आता चाचणी येऊ दे, असं ताईंना पहिल्यांदाच वाटू लागलं.

चाचणी जवळ आली तशी घड्याळजींना वाटलं, आपणही बायकोसाठी काहीतरी करावं. बोलण्यात त्यांचा हातखंडा नव्हता, म्हणून त्यांनी एका दुपारी टेपरेकॉर्डर दुकानात नेला, उघडला, झटकला, तेल दिलं, आतला पट्टा सैल पडून पार झिजला होता तो काढून नवा घातला, आणि संध्याकाळी काही न बोलता फळीवर आणून ठेवला. ताईंनी कॅसेट लावली.

कुणी एक किरट्या आवाजाचा माणूस घाईघाईनं बोलू लागला. बस सुटायची आहे, सुटे पैसे नाहीत आणि मागे रांग लागली आहे अशा सुरात त्यानं जहाजाला नांगर टाकायला सांगितलं.

“हा कोण मेला?” ताई म्हणाल्या.

“तोच,” घड्याळजी समाधानानं म्हणाले. “मशीन मागे पडत होतं. वर्षानुवर्षं. आता बरोबर चालतंय.”

मुलीनं गाण्याची कॅसेट घालून पाहिली. एक गायिका गायला लागली. “अग बाई,” मुलगी म्हणाली, “हा बाईचा आवाज आहे?” लहानपणापासून ती तिला गायक समजत आली होती. घरातल्या सगळ्याच गायिका हळूहळू पुरुष झाल्या होत्या आणि ते इतकं बेतानं घडलं होतं की कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. हेडमास्तरांना ऐकू येत नव्हतं, दीर परदेशात होते, आणि वेळ न दाखवणाऱ्या वस्तूंशी घड्याळजींचा संबंध नव्हता.

दिरांना हसू आवरेना. “वहिनी, म्हणजे तुम्ही ज्याचा अ‍ॅक्सेंट उचललात तो माणूसच जगात नाही! अहो, तुम्ही पट्ट्याचा अ‍ॅक्सेंट उचललात. झिजलेल्या पट्ट्याचा!”

मुलगीही हसली. हेडमास्तरांना काय झालं ते दोनदा ओरडून सांगावं लागलं आणि मग तेही हसले. घड्याळजी तेवढे हसले नाहीत. आपल्या हातून नक्की काय दुरुस्त झालं, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर उमटला होता.

ताई उठून खिडकीशी गेल्या. रविवार सोडला की चाचणी. किरट्या माणसाच्या मागून बोलून पाहिलं, तर तिसऱ्या शब्दाला त्या त्याच्यापुढे निघून गेल्या आणि पाचव्या शब्दाला भोंगा झाला. पुन्हा बटाट्याकडे जावं? पुन्हा ओठ आवळावेत? डोळ्यांपुढे कोठारातलं मांजर येऊन बसलं.

“वहिनी, अजून वेळ गेलेली नाही,” दीर डोळे पुसत म्हणाले. “अमेरिकन धरा. खरा तरी आहे.”

“भाऊजी,” ताई वळल्या, “मी इतकी वर्षं बोटी आत घेते. धक्क्याला लागताना वेग दाखवणारा शहाणा मी एकदाच पाहिला. त्याची बोट अजून तिथंच आहे, पाण्याखाली.” मग त्या यजमानांना म्हणाल्या, “अहो, तो जुना पट्टा परत घाला.”

घड्याळजींनी मान खाली घातली. “काढताना तुटला.”

रविवारी बाजारपेठ बंद होती. घड्याळजींनी दुकानाची फळी अर्धी उघडली आणि दोघं आत शिरली. भिंतीभर घड्याळं एका तालात चालत होती. एकही मागे नव्हतं, एकही पुढे नव्हतं. मधल्या टेबलावर घड्याळजींनी टेपरेकॉर्डर ठेवला, त्याचं पोट उघडलं आणि दिवा खाली ओढला.

“मोटरवर एक स्क्रू असतो,” ते म्हणाले. “त्यानं वेग कमीजास्त होतो. पण तो कोणी मागे फिरवत नाही.”

“तुम्ही फिरवा.”

“लोक माझ्याकडे वस्तू पुढे आणायला येतात.”

“मी गिऱ्हाईक नाही.”

घड्याळजींनी एकदा भिंतीकडे पाहिलं. इतक्या घड्याळांच्या साक्षीनं आपण हे करतो आहोत याचं त्यांना वाईट वाटत असावं. मग त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि सर्वांत बारीक पेचकस घेतला. ताईंनी कॅसेट सुरू केली आणि डोळे मिटून घेतले.

“घ्या मागे,” त्या म्हणाल्या. “अजून. अजून घ्या. भिऊ नका, जागा आहे. सावकाश... सावकाश... फार गेलात, पुढे या थोडे. केसभर.”

आतला माणूस आधी किरटा होता, मग माणसात आला, मग वयात आला, मग पोक्त झाला. घड्याळजींच्या कपाळावर घाम आला. बंदरातल्या होडीवाल्यांना रोज काय वाटत असेल, हे त्यांना लग्नानंतर प्रथमच समजत होतं. आणि त्यांना हेही कळलं की या आवाजावर भरवसा ठेवून हात हलवला की हात चुकत नाही.

“जुन्या पट्ट्याला हा इथवर होता,” ताई म्हणाल्या.

“थांबू?”

ताईंनी ऐकलं. तो जुना कप्तान परत आला होता, पण आता तो त्यांना किंचित जडच वाटला. शब्दाचं शेवटचं अक्षर तो गिळत होता. सासरे रोज कानीकपाळी ओरडत ते त्यांना आठवलं: शब्दाची शेपटी दारात चेमटू द्यायची नाही.

“एक रेघ पुढे,” त्या म्हणाल्या. “बास! बांधा.”

‘बांधा’ हे त्या धक्क्याला लागलेल्या बोटीला सांगत. घड्याळजींनी पेचकस बाजूला ठेवला, खणातून लाल रंगाची एक बाटली काढली आणि स्क्रूच्या डोक्यावर एक थेंब सोडला. एकदा थेंब वाळला की स्क्रू हलत नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक वस्तू मुद्दाम मागे पाडली होती, आणि वर मोहोर उठवली होती.

घरी आल्यावर मुलीनं विचारलं, “आणि माझी गाणी?”

“गायकाकडून ऐक थोडे दिवस,” ताई म्हणाल्या. “सवय आहे तुला.”

चाचणीला परीक्षक म्हणून आले ते एक कृश, वयस्कर कप्तान होते. चाचणी खोलीत बसून नव्हती. खऱ्या जहाजांशी, मनोऱ्यातूनच बोलायचं होतं. परीक्षक कोपऱ्यात स्टुलावर बसले आणि म्हणाले, “तुमचं इंग्रजी कसं आहे ते मी बघणार नाही. जहाजानं ‘से अगेन’ म्हटलं, म्हणजे पुन्हा सांगा म्हटलं, की मी एक रेघ ओढणार. बस. ज्याच्या रेघा कमी, त्याची खुर्ची.”

दुसरा उमेदवार एक चुणचुणीत तरुण होता. त्यानं शहरात जाऊन बोलण्याचा कोर्स केला होता आणि तो खरोखरच सुरेख बोलत असे. दिरांनी ऐकलं असतं तर त्यांनी त्याला जाकीट दिलं असतं. त्याच्या पाळीला बाहेरून एक धान्याचं जहाज आलं. कोर्सवाल्यानं झुळझुळ सूचना दिल्या. जहाजाचा कप्तान भलत्याच देशाचा होता, त्याचंही इंग्रजी कुठूनतरी मागून आणलेलं होतं, आणि मध्ये वायरलेसची खरखर. “से अगेन?” कप्तान म्हणाला. कोर्सवाल्यानं पुन्हा सांगितलं, तितक्याच सुरेख रीतीनं, जरा भरभर. “से अगेन?” पेन्सिल हलली. अखेर जहाज नीट लागलं, पोराचं काही चुकलं नव्हतं. पण तो उठला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. ताईंनी आपल्या बाटलीतलं पाणी त्याला दिलं आणि खुर्चीत बसल्या.

लाकूड भरलेलं एक मोठं जहाज खाडीच्या तोंडाशी येत होतं. ताईंनी छाती भरून श्वास घेतला आणि त्याला बोलावणार, एवढ्यात संचावर दुसराच आवाज आला.

“ताई! ओ ताई! इंजिन गेलं हो माझं! वाटेतच आडवा झालोय!”

तो डबा विसरणारा बार्जवाला होता. ताईंनी काचेतून पाहिलं. वाळूनं भरलेली त्याची बार्ज जहाजाच्या ऐन वाटेत सरकत होती, आणि जहाज येतच होतं.

खिडकीशी उभ्या असलेल्या अधीक्षकसाहेबांनी तिची कड पकडली. आता भोंगा होणार, असं खोलीतल्या प्रत्येकाला वाटलं. ताईंनाही तो गळ्याशी आलेला जाणवला. त्यांनी तो अर्धा ठेवून घेतला आणि अर्धा ज्याचा होता त्याला दिला.

“आधी नांगर टाक रे गाढवा!” त्या बार्जवाल्यावर कडाडल्या. काचा थरथरल्या. “आणि दोर काढून ठेव, टग पाठवतेय!” मग त्यांनी बटण सोडलं, पुन्हा दाबलं, आणि त्याच गळ्यातून एक वेगळाच माणूस बाहेर आला.

“कॅप्टन... स्टॉप... युअर... इंजिन्स. बार्ज... अहेड... ऑफ... यू.”

एकेक शब्द दोरावरून खाली उतरला आणि टेकला. परीक्षकांची पेन्सिल कागदावर टेकलेली होती.

खरखर झाली. मग पलीकडून तितक्याच सावकाश, तितक्याच खोल आवाजात उत्तर आलं. “स्टॉपिंग... इंजिन्स... सर.”

जहाजाच्या मागचं पाणी उसळायचं थांबलं. ते मोठं धूड हळूहळू मंदावलं आणि बार्जपासून चांगलं दूर उभं राहिलं. ओढून नेणारी टग-बोट निघाली, बार्जला दोर लागला. तेवढ्यात संचावर दबक्या आवाजात बार्जवाल्यानं विचारलं, “ताई, शेजारी कोण मोठे साहेब येऊन बसलेत का हो? त्यांना सांगा, चूक माझी नव्हती.”

“सांगते,” ताई म्हणाल्या. “डबा घेतलास ना आज?”

वाट मोकळी झाल्यावर ताईंनी जहाजाला आत घेतलं. पुढे ये, डावीकडे राहा, थांब, आता दोर दे. वाऱ्याचा जोर होता, धक्का नवा होता, कप्तान नवखा होता. त्यानं एकदाही ‘से अगेन’ म्हटलं नाही. शेवटी ताई म्हणाल्या, “मेक... फास्ट,” म्हणजे बांधा, आणि खुर्चीला टेकल्या. इतक्या वर्षांत न फिरलेली ती खुर्ची कुरकुरत अर्धा फेरा फिरली आणि ताई परीक्षकांसमोर आल्या.

परीक्षकांनी ताईंच्या नावाचा कोरा कागद पालटून मागची बाजूही पाहिली. “बाई,” ते म्हणाले, “आयुष्य समुद्रावर गेलं माझं. सगळ्या बंदरांवरचे उच्चार ऐकलेत. हा कुठला?”

कोर्सवाला पुढे झुकला. अधीक्षकसाहेबांनाही तेच विचारायचं होतं.

“घरचाच आहे,” ताई म्हणाल्या. “यजमानांनी लावून दिला.”

पुढचं थोडक्यात सांगण्यासारखं आहे. खुर्ची ताईंची राहिली. कोर्सवाल्याला दुपारची पाळी मिळाली. त्यानं ताईंकडे बसून आपला वेग निम्मा केला आणि त्याच्या रेघाही हळूहळू आटल्या. टगवाले जहाजांशी त्याच चालीत बोलू लागले, मग जहाजंही एकमेकांशी तशीच बोलू लागली. या बंदराच्या पाण्यात शिरलं की सगळ्या जगाचं इंग्रजी आपोआप मंद आणि खोल होतं, असं खलाशी एकमेकांना सांगत. लाकडाच्या जहाजाचा कप्तान एकदा मुद्दाम मनोरा चढून आला. आत एक बाई चहा पीत होत्या. “ते वृद्ध कॅप्टन कुठे आहेत?” त्यानं विचारलं. “त्या दिवशी त्यांनी माझं जहाज वाचवलं. हात मिळवायचाय.”

ताईंनी कप खाली ठेवला. “गुड... मॉर्निंग... कॅप्टन,” त्या म्हणाल्या.

त्यानं डोक्यावरची टोपी काढली, ती काखेत धरली आणि हात पुढे केला.

हेडमास्तर अजून तो उच्चार ब्रिटिश असल्याचं सांगतात आणि दीर अमेरिकन असल्याचं. मुलीला नवा टेपरेकॉर्डर आला आहे, त्यात गायिका गातात. जुना फळीवरच आहे. स्क्रूवरचा लाल थेंब पुसायची कोणाची छाती नाही. आणि अलीकडे दुकानात कोणी मागे पडलेलं घड्याळ घेऊन आलं, तर घड्याळजी लगेच उघडत नाहीत. भिंग कपाळावर सरकवून आधी विचारतात, “घरात कोणाची तक्रार आहे का?”